तंबू पाण्यापासून लांब ठोका

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो येतो. पाठवणारं माणूस दरवर्षी वेगळं, फोटो मात्र जवळपास तोच. निळं पाणी, पाण्याला खेटून ओळीने ठोकलेले रंगीत तंबू, त्यांच्यावर दिव्यांच्या माळा आणि मागे तुंगचा सुळका. खाली ओळ असते, ‘डिसेंबरात एक शनिवार-रविवार जाऊ या का?’ पाच मिनिटांत अंगठ्यांची रांग लागते. माणशी किती आणि पैसे कुठल्या नंबरवर पाठवायचे, हेही रात्रीपर्यंत ठरून जातं. ती जागा आपल्यापैकी कुणी पाहिली आहे का, हे विचारायचं तेवढं राहतं. मी ते विचारते. उत्साहावर विरजण पडतं असं काहींना वाटतं, तरीही विचारते, आणि आज इथे जरा मोठ्या आवाजात विचारणार आहे.

मी सानपाड्यात राहते. परिचारिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे आणि सोसायटीच्या हिवाळी सहलीची जमवाजमव माझ्याकडे असते. आमचं सानपाडा अशा सहलींसाठी फार सोयीचं आहे. शीव-पनवेल रस्त्याला लागलं की कळंबोलीहून द्रुतगती महामार्ग, मग लोणावळा, पुढे दुधिवरे खिंड ओलांडली की पवनेचं पाणी. ट्रान्सहार्बरने ठाणं गाठलं की नेरळ, कर्जत, कसारा लोकलच्या टप्प्यात. पनवेलवरून पेण-अलिबागचा किनारा. डोंगर आणि समुद्र दोन्ही दोन-तीन तासांवर असल्यामुळे शुक्रवारी ठरवून शनिवारी निघता येतं, आणि याच सोयीने जागा न पाहता निघायची सवय लागली आहे. चार तरण्या मुलांनी पाठीवर सामान टाकून कुठेही रात्र काढावी, ते त्यांना झेपतं. आमच्या गटात पाच वर्षांची नात असते, गुडघ्यांनी बेजार झालेले आजोबा असतात, मधुमेहाच्या गोळ्यांचा डबा बरोबर घेतलेल्या काकू असतात आणि एखादी सून चार महिन्यांची गरोदर असते. जागा निवडायची ती या चौघांना डोळ्यांसमोर ठेवून. बाकीच्यांचं कुठेही भागतं.

माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या गटाच्या मुक्कामासाठी पाण्याचा काठ ही सर्वांत वाईट जागा, आणि गावाला लागून असलेला, थोडा चढावरचा कोरडा माळ ही सर्वांत चांगली. फोटोत याच्या बरोबर उलट दिसतं.

पवनेचंच उदाहरण घेऊ, कारण मुंबई-पुण्याच्या तंबूंची सर्वांत मोठी गर्दी तिथे होते. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या चार किल्ल्यांच्या मधोमध पसरलेलं हे धरण. पावसाळ्यात ते भरतं आणि तिथून उन्हाळ्यापर्यंत पाणी हळूहळू उतरत जातं. उतरलेल्या पाण्यामागे जी पट्टी उघडी पडते ती गाळपेराची जमीन. ती धरणासाठी संपादित झालेली, म्हणजे सरकारी. ऑगस्टमध्ये जिथे पुरुषभर पाणी असतं, तिथेच डिसेंबरात तंबू उभे राहतात. वरून सपाट आणि सुकलेली दिसणारी ही जमीन खाली ओली असते. तिच्यात मेख धरत नाही, वारा सुटला की तंबू उपटून येतो. त्याहून वाईट गोष्ट पाण्याखाली असते. धरणात बुडालेलं सगळं रान खाली तसंच पडून आहे. शेतांच्या ताली आहेत, ओढ्यांची पात्रं आहेत, जुन्या विहिरी आहेत. गुडघाभर पाण्यात चार पावलं चालणाऱ्या माणसाचं पाचवं पाऊल एकदम खोल जाऊ शकतं. तळ गाळाचा, त्यामुळे पाय रोवत नाही. सोसायटीच्या तरणतलावात पोहायला शिकलेल्या मुलाला इथे पोहता येतं असं आईबापांना वाटतं. दर उन्हाळ्यात धरणात बुडालेल्या तरुणांच्या बातम्या येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना पोहता येत होतं.

रात्रीचं वेगळंच. थंड हवा जड असते. ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगटात, पाण्याच्या काठाशी साचून राहते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सर्वांत बोचरी थंडी आणि सर्वांत जास्त दव काठावरच्या तंबूला. पहाटे आतून कापड ठिबकायला लागतं, पांघरुणं ओली होतात, दम्याचा माणूस उठून बसतो. तोच तंबू थोडा वर, माळावर असता तर सगळे सुखाने झोपले असते. मी जास्त बोलते ते या झोपेबद्दल. न झोपलेला गट दुसऱ्या दिवशी घाटातून गाडी चालवत घरी येतो, हे विसरून चालत नाही.

नदीकाठ आणखी फसवा. कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर. आभाळ स्वच्छ असतं, थेंबभर पाऊस नसतो, तरी नदी वाढते. तिथल्या माणसांना पाण्याची वेळ ठाऊक असते, सानपाड्याहून आलेल्या मुलाला ती कशी ठाऊक असणार? कोरड्या ओढ्याची वाळू तर अंथरुणासारखी मऊ दिसते. ७ ऑगस्ट १९९६ रोजी स्पेनमधल्या बिएस्कास गावाजवळ एका कॅम्पिंगच्या मैदानावर लोंढा आला आणि ८७ माणसं गेली. ते मैदान अनधिकृत नव्हतं. रीतसर परवानगी घेऊन चालवलं जात होतं, सुट्टी घालवायला आलेल्या कुटुंबांनी भरलेलं होतं. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याने शतकानुशतकं आणून टाकलेल्या दगडमातीच्या पंख्यावर ते वसवलं होतं. वर बंधारे घातले, ओढ्याला बांधीव पात्र दिलं, म्हणजे झालं असं मानलं गेलं. वरच्या खोऱ्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, बंधारे फुटले आणि ओढा आपल्या जुन्या वाटेने आला. नंतर तिथल्या न्यायालयाने सरकारी यंत्रणांना जबाबदार धरून भरपाई द्यायला लावली. आणि ४ जुलै २०२५ ची पहाट अजून ताजी आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या ग्वाडालुपे नदीच्या काठी मुलींच्या उन्हाळी शिबिरात पाणी शिरलं आणि मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या ताया मिळून २७ जणी गेल्या. श्रीमंत देश, हवामानाचे इशारे, जुनी नामांकित जागा, सगळं होतं. निजण्याच्या खोल्या मात्र नदीच्या पुराच्या वाटेत होत्या.

समुद्रकिनाऱ्याबद्दल थोडक्यात सांगते. वाळूवर शंखशिंपल्यांची आणि काडीकचऱ्याची जी ओळ दिसते ती गेल्या भरतीची. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण त्याच्याही वर येतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. दिवसाउजेडी, शिक्षक बरोबर असताना. मुक्कामाची तारीख ठरवताना पंचांग किंवा भरतीचं वेळापत्रक उघडून पाहायला दोन मिनिटं लागतात.

मग पाण्यापासून लांब म्हणजे डोंगराच्या पोटाशी जायचं का? तेही नाही. सानपाड्यात आमच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं. त्याच धरणाच्या वरच्या अंगाला इर्शाळगडाच्या कुशीत ठाकर समाजाची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा भाग वाडीवर आला. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत त्या वाडीचं नावही नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या माणसांना डोंगराने इशारा दिला नाही, तर एका रात्रीच्या पाहुण्याला कुठून देणार? जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या उतारावर, कड्याखाली, धबधब्याच्या तोंडाशी कुटुंबकबिला घेऊन तंबूत राहायचं नाही, असा आमच्या गटाचा नियम आहे आणि तो मी कुणाच्याही आग्रहाने मोडू दिलेला नाही. पावसाळ्यात डोंगर पाहायला जावं आणि झोपायला पक्क्या छपराखाली यावं. आमचा तंबूचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्याच्या शेवटी काजवे पाहायला भंडारदऱ्याला जाण्याची टूम आता खूप वाढली आहे, पण ते दिवस वळवाच्या पावसाचे आणि विजांचे. गेलात तर पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या आणि एकट्या उंच झाडाखाली तंबू लावू नका.

आता ज्या विषयावर बायका आपसांत बोलतात आणि बैठकीत गप्प बसतात त्याकडे वळते. संडास. गटाची जागा पाहताना मी सर्वांत आधी तो पाहते, दृश्य नंतर. युद्धातून, भूकंपातून पळून आलेल्या लोकांच्या छावण्यांसाठी जगभरच्या मदतसंस्था ‘स्फिअर’ नावाचे किमान निकष वापरतात. वीस माणसांमागे निदान एक संडास, तो निवाऱ्यापासून पन्नास मीटरच्या आत, आतून कडी, रात्री उजेड, आणि पुरुषांसाठी एक असेल तर बायकांसाठी तीन. सर्वस्व गमावलेल्या माणसांसाठी जगाने हे किमान मानलं आहे. पैसे मोजून, हौसेने जाणाऱ्या आमच्या बायकांना कित्येक तंबूस्थळांवर तेवढंही मिळत नाही. मग बायका काय करतात हे मला नोकरीमुळे ठाऊक आहे. दुपारपासून पाणी पिणं सोडतात. सोमवारी जळजळ सुरू होते, मंगळवारी ताप येतो आणि कारण विचारलं तर ‘प्रवासाची दगदग’ असं सांगतात. शोषखड्डा कुठे आहे, तो विहिरीपासून किंवा बोअरवेलपासून तीस मीटर तरी लांब आहे का, हेही विचारावं लागतं. संडासाचं पाणी तलावात जाणार असेल तर ती जागा कितीही सुंदर असो, तिथे राहू नये. खालच्या अंगाला कुणीतरी तेच पाणी पितं.

हे सगळं मी पुस्तकात शिकले नाही. माउलींच्या पालखीबरोबर आरोग्य पथकात स्वयंसेवक म्हणून चालले, तिथे शिकले. मोठ्या गटाचा मुक्काम कसा लावावा याचा महाराष्ट्राइतका जुना अनुभव फार थोड्यांकडे असेल. लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. प्रत्येक तळाची जागा ठरलेली. दिंडीचा ट्रक पुढे निघतो, दिंडी पोचण्याआधी राहुट्या उभ्या असतात, चुली पेटलेल्या असतात. कुठल्या दिंडीची राहुटी कुठे, हे ठरलेलं. वाट मोकळी ठेवलेली, म्हणजे रात्री कुणी कोसळलं तर रुग्णवाहिका आत येऊ शकते. टँकर एका कडेला. पूर्वी शौचाची फार आबाळ होती, निर्मलवारीच्या उपक्रमातून तळावर फिरती शौचालयं येऊ लागली आणि म्हाताऱ्या वारकरी बायकांच्या चेहऱ्यावरचा फरक मी पाहिला आहे. लाखो माणसं अशी राहू शकतात, तर आपल्या पस्तीस माणसांना का जमू नये? वारीत जागा आधी आणि माणसं नंतर, एवढाच फरक आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गड बांधण्याआधी त्या जागी पाणी आहे का ते पाहावं, नसेल तर आधी त्याची सोय करावी, असं सांगितलं आहे. तिथे विचार पिण्याच्या पाण्याचा आहे. पाण्यात पाय सोडून बसण्याचा नाही.

जागा पाहायला आम्ही गटातल्या दोघी-तिघी जातो, आणि मुद्दाम शनिवारी जातो. शेजारच्या तंबूवाल्याचा आवाज शनिवारीच कळतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे, पण धरणाच्या काठी ती पाळायला लावणारा कुणी नसतो. उजेडात पोचायचं. आधी झाडं पाहायची. फांद्यांत, झुडपांत गवताच्या काड्या आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकल्या असतील तर पाणी तिथवर येऊन गेलेलं आहे, मालक काहीही सांगो. वाळकी फांदी तंबूवर झुकलेली नको. वर कड्याला किंवा वडाला आग्यामोहोळ लोंबत असेल तर तिथून निघायचं, शेकोटीच्या धुराने त्या माश्या उठतात आणि धावू न शकणाऱ्या माणसाची सुटका नसते. भाताची खाचरं सपाट असतात म्हणून मोह होतो. पण खाचर ओल धरतं, त्याच्या बांधांत उंदरांची बिळं असतात आणि उंदरांमागे साप येतात. त्यापेक्षा वरकस जमीन किंवा खळ्याची टणक जागा बरी. पेंढ्याच्या उडव्यांपासून आणि दगडांच्या ढिगांपासून अंतर ठेवायचं. हिवाळ्यात देशावरून कोकणात उतरलेल्या धनगरांचे मुक्काम खालापूर-कर्जत भागात दिसतात. त्यांचं बिऱ्हाड कुठे पडलं आहे ते मी थांबून बघते. ओढ्याच्या पात्रात ते मला कधी दिसलेलं नाही. आणि गावातल्या एखाद्या वयस्क मावशींना विचारायचं, ‘मावशी, जास्तीत जास्त पाणी कुठवर येतं?’ त्या हात करून दाखवतात. मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा तो हात जास्त खरा वाटतो.

मग दवाखाना. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब, रात्री तिथे डॉक्टर असतात का, सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हे फोनवर नाही, तिथे जाऊन विचारायचं. कर्जत किंवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत रात्री किती वेळ लागेल, ते घड्याळ लावून पाहायचं. १०८ ला फोन करायचा तर फोनला रेंज हवी, आणि रुग्णवाहिका वळू शकेल एवढा रस्ता हवा. आपल्याकडचे चार मोठे विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यांत तंबूतल्या माणसाने सर्वांत जास्त भ्यावं ते मण्यारीला. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, अनेकदा दुखतही नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. म्हणून तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबूच घ्यायचा, आणि पहाटे असं कुणाला झालं तर ओवा देत बसायचं नाही, रुग्णालयात न्यायचं. विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले मृत्यू कसे खाली आणले हे आम्ही परिचारिका अभिमानाने सांगतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध माणसापर्यंत, किंवा माणूस औषधापर्यंत वेळेत पोचला तरच उपयोग.

शेकोटीबाबत मी कडक आहे. शेकोटी मोकळ्या मातीवर, तंबूंच्या वाऱ्याखालच्या बाजूला, आणि जवळ पाण्याच्या भरलेल्या बादल्या. तंबूचं कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वाळक्या गवताच्या वणव्यात वीसहून जास्त गिर्यारोहक गेले, त्यांत बायका खूप होत्या. फेब्रुवारीनंतर आपल्या माळांवरचं गवतही तसंच वाळलेलं असतं. आणि थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेणं हा मृत्यूला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. जागा चालवणाऱ्याने ‘बार्बेक्यू आत घेतला तरी चालतो’ असं म्हटलं, तर मी पुढे काही विचारत नाही, जागा रद्द.

हे वाचून कुणाला वाटेल की मला ही तंबूस्थळं बंद करायची आहेत. अजिबात नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, लगेच पुणे जिल्ह्यात ठिकठिकाणी मनाईचे आदेश निघाले. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे हिमालयातल्या उंच कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामालाच बंदी घातली. ती कुरणं नाजूक आहेत, तिथे ते मला पटतं. मावळात सरसकट बंदी घातली तर कुणाचं पोट मारलं जाईल, हे पाहायला हवं. पवनेच्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचीच मुलं-नातवंडं आज काठावर तंबू लावतात. पुनर्वसनाच्या जमिनीसाठी त्या कुटुंबांची मागणी दशकानुदशकं चालू आहे. तेच पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात मावळचे शेतकरी द्रुतगती महामार्गावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ चा तो दिवस. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. ज्या रस्त्याने आपण गाणी लावून सहलीला जातो तोच तो रस्ता. म्हणून मी पैसे शहरातल्या दलालाला देण्यापेक्षा जमिनीच्या मालकाला द्यायचा आग्रह धरते. सातबारा कुणाचा, हे विचारायला संकोच कसला? गावचा मालक असला की पोहे गरम मिळतात, भाकरी चुलीवरची मिळते, हे तर आहेच. पण अडचणीच्या रात्री ट्रॅक्टर काढणारा, मोटरसायकलवर दवाखान्यात नेणारा माणूसही गावातलाच असतो. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीने गावाच्या हातात राहणारं पर्यटन करून दाखवलं आहे. पाहुणे गावच्या जागेत राहतात, गावकऱ्यांच्या घरात जेवतात. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला आपल्या शेतात केंद्र नोंदवण्याची वाट दिली आहे, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरणही आलं. जागा ठरवताना नोंदणीचा कागद मागावा. नसेल तर गावच्या माणसाला तो काढायला मदत करावी. आपल्या सोसायट्यांत अर्ज भरता येणारे लोक काही कमी नाहीत.

गटातली तरुण मुलं म्हणतात, ‘ताई, पण मग फोटो?’ त्यांचं चुकत नाही. पाण्यावरचा सूर्योदय बघायलाच तर जायचं. सकाळी सहाला चहा घेऊन सगळे मिळून काठावर जाऊ, मुलांचे हात धरून, आणि दोन तास बसू. झोपायला मात्र वर. चालायला दहा मिनिटं लागतील, आजोबांसाठी गाडी नेऊ. यात कुणाचा आनंद कमी झालेला मला आजवर दिसला नाही.

गेल्या वर्षी, ११ जुलै २०२५ ला, लोहगड आणि इतर किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. पवनेच्या काठी गर्दी आता वाढतच जाणार. म्हणून पुणे, रायगड आणि अहिल्यानगरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पाटबंधारे खात्याकडे माझी मागणी आहे. ऑक्टोबरात धरण काठोकाठ असतं तेव्हा त्या काठाने पांढरे दगड रोवावेत आणि दगडांच्या आत एकही झोपण्याचा तंबू नको, असं ठरवावं. नद्यांच्या काठी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखलेली असते, ती जमिनीवर दिसेल अशी दाखवावी. प्रत्येक जागेच्या फाटकावर मराठीत फलक असावा. त्यावर मालकाचं नाव, नोंदणी क्रमांक, किती माणसांची परवानगी, संडास किती, जवळचं आरोग्य केंद्र कोणतं आणि किती किलोमीटर, हे लिहिलेलं असावं. ग्रामपंचायतीने हंगामाच्या सुरुवातीला एकदा येऊन ते तपासावं. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

आमच्यापुरतं ठरलं आहे. यंदा पाहायला दोन जागा आहेत, दोन्ही कर्जत तालुक्यात, दोन्ही गावाच्या माळावर. येत्या शनिवारी आम्ही दोघी सकाळच्या गाडीने ठाण्याला आणि तिथून कर्जतला जाऊ. तोवर कुणीही पैसे पाठवायचे नाहीत, असं गटावर लिहून ठेवलं आहे.